रिक्त म्हणजे कोणाची जागा?

प्रश्न गोव्यातल्या डिचोलीच्या एका मुलीचा आहे. मानसशास्त्रात एम.ए. झाली आहे. कामाच्या ठिकाणच्या मानसशास्त्राची विद्यापीठातली प्रयोगशाळा म्हणजे नेमकं काय, तिथले संशोधक दिवसभर करतात काय, त्यात पीएचडीला उतरावं का, आणि कारखान्यातल्या माणसाला त्याचा काही उपयोग होतो का, हे तिला हवं आहे. शेवटी एक ओळ जोडली आहे: ‘बाबा खाणीवर मशीन ऑपरेटर होते. खाण बंद पडल्यापासून घरीच असतात. विचारलं की बरा आहे म्हणतात.’

बाय, तुझ्या चारही प्रश्नांपेक्षा मला ही शेवटची ओळ जास्त मोलाची वाटली. तिच्याकडे येते, पण आधी बाकीचं.

प्रयोगशाळा या शब्दावर जाऊ नकोस. पांढरे कोट नाहीत, उंदीर नाहीत, काचेची नळी नाही. मी ज्या गटात वाढले तिथे एक खोली होती, चार टेबलं, कुलपाचं एक लोखंडी कपाट आणि भिंतीवर कुठल्या कारखान्याची कुठली पाळी कधी सुटते याचा तक्ता. यंत्र म्हणाल तर एकच, कागद. त्यावर चाळीसेक प्रश्न. भौतिकशास्त्रवाला आपला तापमापक नीट आहे ना हे जसं तपासतो, तसं आम्ही प्रश्न नीट आहे ना ते तपासतो. माणसाला खरं उत्तर द्यावंसं वाटेल असं विचारायचं, आणि दिलेलं उत्तर त्याच्यावर उलटणार नाही याची काळजी घ्यायची. आकडेमोड, शोधनिबंध, परिषदा हे सगळं त्यानंतर.

एक प्रसंग सांगते. कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतला एक कारखाना, दुपारच्या पाळीआधीचं कँटीन. पन्नाशीचा एक ऑपरेटर आमचा मराठी कागद भरत होता. एका ओळीवर त्याचं पेन थांबलं. ओळ अशी होती: ‘कामामुळे मी भावनिकदृष्ट्या रिक्त झालो आहे.’ पुढे ‘कधीच नाही’पासून ‘रोज’पर्यंतची घरं. त्याने मला विचारलं, ‘बाई, रिक्त म्हणजे कोणाची जागा? आमच्या खात्यात दोन रिक्त आहेत. ती भरणार काय?’

आजूबाजूचे हसले, मीही हसले. मग कागद बाजूला ठेवून मी विचारलं, काम संपवून घरी गेल्यावर कसं वाटतं. त्याने चहाचा ग्लास फिरवला आणि म्हणाला, ‘नातू अंगावर येतो. आणि मला तो नको वाटतो.’ थोडं थांबून पुन्हा, ‘नातू नको वाटतो, बाई. हे तुमच्या कागदात कुठं लिहू?’

लिहायला जागा नव्हती. मापायला आम्ही तेच गेलो होतो, ते समोर बसून बोलत होतं, आणि आमच्या कागदात त्याला घर नव्हतं.

आता यातली तांत्रिक बाजू बघ. परभाषेतली प्रश्नावली आणली की एकाने तिचं भाषांतर करायचं, दुसऱ्याने मूळ न बघता ते परत मूळ भाषेत न्यायचं आणि दोन्ही ताडून पाहायचे, ही पद्धत ब्रिस्लिन यांच्या १९७०च्या लेखानंतर रूढ झाली. ‘रिक्त’ या चाचणीत पहिल्या वर्गात पास झाला होता. होणारच, कारण नेणारा एम.ए. आणि परत आणणाराही एम.ए. दोघांनाही ‘रिक्त’ म्हणजे रिकामं हे ठाऊक. कारखान्यात मात्र तो शब्द फक्त नोटीस बोर्डावर भेटतो, भरतीच्या जाहिरातीत. म्हणून कागद छापण्याआधी दहा-पंधरा कामगारांसोबत बसायचं, प्रत्येक ओळ मोठ्याने वाचायला लावायची आणि ‘यात तुम्हाला काय विचारलंय, तुमच्या शब्दांत सांगा’ म्हणायचं. कंटाळवाणं काम आहे. संशोधकाचे निम्मे महिने त्यात जातात आणि निबंधात त्याला दोन ओळी मिळतात.

नावाजलेल्या मोजपट्ट्यांचे शब्द मात्र आपल्या मनाने बदलता येत नाहीत. कामाच्या थकव्यासाठी, म्हणजे बर्नआउटसाठी, जगभर वापरली जाते ती मास्लाक आणि जॅक्सन यांची १९८१ची प्रश्नावली. ती परवाना घेऊन वापरावी लागते. आम्ही ती तशीच ठेवतो आणि शेजारी आपले, इथल्या तोंडून आलेले प्रश्न जोडतो. ‘घरी गेल्यावर आपल्या माणसांशीही बोलायला नको वाटतं’ हा आमच्याकडचा एक. तो त्या नातवाच्या आजोबांचा, त्यांना विचारून घेतलेला.

गोव्यात भाषेचा गुंता आणखी एक पदर वाढवतो. १९८७च्या राजभाषा कायद्याने कोकणी राजभाषा झाली, मराठीलाही सरकारी कामात स्थान राहिलं. कारखान्यातलं चित्र कायद्याहून गमतीचं. फोंड्याचा माणूस घरी कोकणी बोलतो, सकाळी मराठी पेपर वाचतो, सुरक्षेची सूचना त्याला इंग्रजीत मिळते आणि काँट्रॅक्टवरच्या मुलांशी तो हिंदीत बोलतो. सासष्टीतला जुना कामगार कोकणीच वाचतो, पण रोमी म्हणजे रोमन लिपीत. मग एकाच कारखान्यात चार कागद फिरतात, आणि हिंदी कागदातला थकव्याचा आकडा मराठीपेक्षा खाली आला तर प्रश्न पडतो: तो माणूस कमी थकला आहे, की शब्द हलका पडला आहे? हे तपासायला संख्याशास्त्रात रीत आहे, मापनाची समानता म्हणतात तिला. तू शिकशील. पण रीत तुला फक्त फरक आहे एवढं दाखवेल. शब्द हलका का पडला, ते कँटीनमध्येच कळतं.

आता विश्वासाची गोष्ट. इथे मी स्वतः माती खाल्ली आहे.

सुरुवातीची वर्षं होती. एका कारखान्यात सव्वादोनशे जणांकडून कागद भरून घेतले. नाव नाही, कर्मचारी क्रमांक नाही, वर ठळक अक्षरांत ‘गोपनीय’. अहवालात मी हौसेने तक्ते टाकले: विभाग, स्त्री-पुरुष, नोकरीची वर्षं. तपासणी विभागात बायका दोनच होत्या, आणि दहा वर्षांहून जुनी एकच. तक्त्यात तिची स्वतंत्र ओळ तयार झाली, ‘पर्यवेक्षकावर विश्वास’ या रकान्यात पाचपैकी १.४. व्यवस्थापकाला नावाची गरजच उरली नाही. ती मला पुढे काही बोलली नाही. सहा महिन्यांनी दुसरी फेरी झाली तेव्हा त्या ओळीत सगळीकडे पाच होते.

तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे: दहापेक्षा लहान गट अहवालात दिसणार नाही, आणि दोन-तीन रकान्यांची वजाबाकी करून तो शोधताही येणार नाही. भरलेला कागद कारखान्याच्या आवारात रात्र काढणार नाही. पेटी एचआरच्या केबिनबाहेर ठेवायची नाही, ती आपण हातात धरून कंपनीची बस सुटते तिथे उभं राहायचं. आणि व्यवस्थापकाने ‘आमची परवानगी आहे, सगळे भरतील’ म्हटलं तर ती त्याची परवानगी, कामगाराची नव्हे. नैतिकता समितीच्या अर्जात संमतीचा रकाना भरताना हा फरक बहुतेकांना कळतो. गेटच्या आत आल्यावर विसरतात.

शिवाय एक जबाबदारी असते जी मुलं गृहीत धरत नाहीत. कागद भरता भरता एखादा रडतो. आपण डॉक्टर नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेनेही रोगांच्या अकराव्या वर्गीकरणात कामाच्या थकव्याला आजार म्हटलेलं नाही, कामाशी जोडलेली अवस्था म्हटलं आहे. तेव्हा निदान करत बसायचं नाही, पण हात झटकायचेही नाहीत. बांबोळीच्या मनोविकार संस्थेतला बाह्यरुग्ण विभाग आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक खिशातल्या चिठ्ठीवर असला पाहिजे.

दिवसभर काय करतात याचं उत्तर यातून थोडं आलं. उरलेलं भराभर सांगते. सकाळी आलेले कागद संगणकात चढवायचे. ओळीने सगळीकडे ‘चार’वर खूण करणारे वेगळे काढायचे. कामगारांचे गट पाहायचे. बारा पर्यवेक्षकांच्या हाताखालचे तीनशे कामगार म्हणजे तीनशे सुटी माणसं नव्हेत, एका पर्यवेक्षकाची माणसं एकमेकांसारखी उत्तरं देतात, आणि हे हिशोबात धरलं नाही तर नसलेला परिणाम दिसतो. प्रश्नावलीतले प्रश्न एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा, क्रॉनबाखचा अल्फा, ०.७च्या वर आला की पोरं पेढे वाटतात. एकच प्रश्न पाच तऱ्हांनी विचारला तरी तो वर येतो, हे कोणीतरी त्यांना सांगायला हवं.

त्याहून मोठा सापळा म्हणजे एकाच माणसाला एकाच बैठकीत ‘साहेब कसा आहे’ आणि ‘तुम्हाला ताण किती’ दोन्ही विचारणं. त्या दिवशी त्याचं डोकं फिरलेलं असेल तर दोन्ही उत्तरं काळी येतात, आणि आपण लिहितो की वाईट साहेबामुळे ताण वाढतो. असेलही, पण या कागदावरून ते सिद्ध होत नाही. म्हणून दुसरं माप दुसरीकडून आणायचं, हजेरीपटावरून, बाद झालेल्या मालाच्या नोंदीवरून. तिथेही डोळे उघडे हवेत. बाहेरून आलेल्या एका हुशार मुलाने पहिली फेरी जुलैत घेतली आणि दुसरी चतुर्थीच्या आठवड्यात. ‘उपक्रमानंतर गैरहजेरी तिप्पट झाली’ असा निष्कर्ष घेऊन तो माझ्याकडे आला. मी त्याला चतुर्थीच्या नेवऱ्या, म्हणजे करंज्या, दिल्या.

आणखी एकीची योजना फार देखणी होती. प्रत्येक कामगाराला दिवसातून चार वेळा फोनवर प्रश्न जाणार, ‘या क्षणी कसं वाटतंय’. निवडला वेर्ण्याचा औषध कारखाना. उत्पादन विभागात शिरताना कपडे बदलावे लागतात आणि फोन लॉकरमध्ये राहतो, हे तिला पहिल्या दिवशी गेटवर कळलं. संध्याकाळी लॉकर उघडल्यावर चारही प्रश्न एकदम वाजले. मग खिशात मावेल एवढं जाड कागदाचं कार्ड केलं, चहाच्या आणि जेवणाच्या सुट्टीत खूण करायची. ते चाललं. तिचा प्रबंध त्या कार्डांवर उभा आहे.

उपयोग होतो का? कधी कधी होतो. कारासेक यांनी १९७९ मध्ये मांडलं की नुसत्या कामाच्या ओझ्याने माणूस तितका मोडत नाही, ओझं जास्त आणि आपल्या हातात काहीच नाही अशा जागी मोडतो. हे पुस्तकात वाचून मान डोलावता येते. मला ते पटलं एका पॅकिंग विभागात. सगळ्यांची तक्रार ओटीची, म्हणजे ओव्हरटाइमची. आम्हाला वाटलं, तास कमी हवे असतील. खोदून विचारलं तर ओटी बहुतेकांना हवा होता, पैसे मिळतात. तक्रार अशी की सकाळची पाळी दोनला सुटते आणि कोणाला थांबायचं ते दीडला कळतं. बस चुकते. बालवाडीतलं पोर कोणी आणायचं, शेजारणीला फोन करायचा तर फोन लॉकरमध्ये. उपाय काय, तर ओटीची यादी आदल्या दिवशी फळ्यावर लावायची. एक खडू. दोन महिन्यांत तिथल्या बायकांची उत्तरं बदललेली आम्ही मोजली. वर्षभराने नवा व्यवस्थापक आला आणि फळा पुन्हा कोरा झाला. उपयोगाचं आयुष्य इतकंच असतं कधीकधी, हेही तुला माहीत असू दे.

निअर मिसच्या नोंदींचंही असंच. अपघात होता होता टळला की वहीत लिहायचं असतं. ज्या पाळीत नोंदी जास्त ती पाळी बेशिस्त, असं साहेब लोक धरतात. एमी एडमंडसन यांना रुग्णालयातल्या चमूंमध्ये उलटंच दिसलं: चांगल्या चमूत चुकांची नोंद जास्त होती, कारण तिथे सांगायची भीती नव्हती. १९९९च्या त्यांच्या लेखानंतर याला मानसिक सुरक्षितता हे नाव रुळलं. इथल्या बैठकांत मी ते नाव घेत नाही. ‘कोरी वही बघून खूश होऊ नका’ एवढंच म्हणते.

आणि एक शब्द तुला पदोपदी भेटेल, सुशेगाद. पोर्तुगीजातून आलेला, मूळ अर्थ शांत, निवांत. बाहेरून आलेल्या व्यवस्थापकाच्या तोंडी तो सगळ्या कोड्यांचं उत्तर असतो. उत्पादन घटलं, सुशेगाद. माणसं सोडून गेली, सुशेगाद. परिस्थितीचा दोष माणसाच्या स्वभावावर ढकलणं ही आपल्या शास्त्राने केव्हाच ओळखलेली चूक आहे, आणि ती पर्यटनाच्या जाहिरातीतून उचललेल्या शब्दाने करावी याचं मला हसू येतं. हंगामात कळंगुटच्या हॉटेलात रिसेप्शनवर दहा तास हसतमुख उभी राहणारी मुलगी बघ. मनात नसलेलं हसू पगारासाठी चेहऱ्यावर ठेवणं हेही श्रमच, असं आर्ली हॉकशिल्ड यांनी १९८३ मध्ये हवाई सुंदऱ्यांच्या अभ्यासातून दाखवलं. तिला सुशेगाद म्हणून बघ काय म्हणते.

पाठ्यपुस्तकांबद्दलही सावध राहा. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४पासून उजेड कमी-जास्त करून पाहिला, आणि लक्ष दिलं की काम वाढतं असं निघालं, ही गोष्ट तू परीक्षेत लिहिली असशील. २०११ मध्ये लेव्हिट आणि लिस्ट यांनी उजेडाचे ते जुने आकडे पुन्हा तपासले. पुस्तकातली गोष्ट त्यात फारशी सापडली नाही. हॉथॉर्नमधल्याच पुढच्या प्रयोगातल्या पाच मुलींपैकी दोघींना, फार बोलतात म्हणून, मध्येच बदललं होतं, ही ओळ तर पुस्तकात क्वचितच असते. मला त्यापेक्षा अहमदाबाद जवळचं वाटतं. लंडनच्या टाव्हिस्टॉक संस्थेचे संशोधक राइस १९५०च्या दशकात कॅलिको मिलमध्ये आले. स्वयंचलित मागांवर कामं एकमेकांत गुंतलेली आणि माणसं मात्र एकेकटी, हे त्यांनी पाहिलं आणि लहान गटांची कल्पना मांडली. गट कसे बांधायचे ते विणकरांनी स्वतःच ठरवून टाकलं. आपल्या देशातला इतका जुना प्रयोग, आणि आपल्याच अभ्यासक्रमात कोपऱ्यात.

आता तुझ्या बाबांची ओळ.

सप्टेंबर २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी थांबल्या, पुढे काही सुरू झाल्या, आणि ७ फेब्रुवारी २०१८ला सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्टे रद्द केल्यावर मार्चमध्ये पुन्हा बंद. अलीकडे लिलावाने काही पट्टे चालू झाले आहेत, पण मधली वर्षं गेली ती गेली. ट्रक, बार्ज, गॅरेजं, खानावळी यांच्या तोट्याचे हिशोब झाले. दुपारी तीन वाजता रिकामा बसलेला ऑपरेटर काय करतो, हा हिशोब वेगळा.

तो हिशोब एकदा ऑस्ट्रियात मांडला गेला होता. व्हिएन्नाजवळ मारिएनथाल नावाचं गाव, एका कापड गिरणीवर जगणारं. गिरणी बंद पडली. मारी याहोदा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झायझेल यांनी १९३१-३२ मध्ये तिथल्या ४७८ कुटुंबांचा अभ्यास केला. ‘कसे आहात’ विचारण्यावर त्यांची भिस्त नव्हती. वाचनालयातून किती पुस्तकं जातात ते पाहिलं. फुकट करूनही वाचन घटलं होतं. रस्त्यावरून चालणाऱ्यांचा वेग मोजला, पुरुष वाटेत कितीदा थांबतात ते मोजलं. कालच्या दिवसाचा तासातासाचा तक्ता भरून घेतला. बायकांचे तक्ते भरलेले, कारण घरकाम बंद पडत नाही. पुरुषांना कित्येक तासांत काय केलं ते आठवतच नव्हतं. नोकरी पगाराखेरीज दिवसाला कणा देते, चार माणसं देते, ओळख देते, हे याहोदा यांनी पुढे मांडलं ते या गावाच्या जोरावर. आणि गावात कोणी नुसतं बघ्यासारखं फिरायचं नाही असा त्यांचा दंडक होता. प्रत्येकाने काही उपयोगाचं काम घ्यायचं: कपडे गोळा करून वाटायचे, डॉक्टरची सोय करायची, शिवणाचे वर्ग चालवायचे.

पीएचडीचं म्हणशील तर नेट परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळवायचा प्रयत्न कर. जानेवारी २०२३पासून महिना ३७,००० आहे, त्यावर माणूस जगतो. यूजीसीच्या २०२२च्या नियमांनुसार किमान तीन वर्षं, कमाल सहा. त्यातलं एक वर्ष परवानग्यांत जातं: पत्र एचआरकडे, एचआरकडून मुंबईच्या मुख्य कार्यालयात, तिथून मौन. आकडेमोडीची ‘आर’ ही संगणकभाषा शीक, फुकट आहे. पगाराची स्लिप वाचायला शीक. मार्गदर्शक निवडताना त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांना दोनच गोष्टी विचार: किती जणांचं पूर्ण झालं, आणि सर किंवा मॅडम शेवटच्या कारखान्याच्या गेटमध्ये कधी शिरले होते.

पण अर्ज भरण्याआधी घरी एक कर. बाबांना बरे आहात का विचारू नकोस. चहा ठेव आणि काल सकाळी सहापासून रात्री झोपेपर्यंत तासातासाला काय केलंत ते विचार. वहीत त्यांच्याच शब्दांत लिही, एकही वाक्य सुधारू नकोस. जिथे ‘काय नाय, बसलो होतो’ येईल तिथे तेच लिही. आम्हा मंडळींना भेटायला येशील तेव्हा ती वही दाखवायची का, हे मात्र आधी त्यांना विचार. नको म्हणाले तर घरीच ठेवून ये.